जित्या माणसाचं माप

मित्रांनो, मला बघून लोक गल्लीत बाजूला होतात. बोलणं मधेच थांबतं. एखादी बाई पदर डोक्यावर ओढून घेते. मी साप नाही, पोलिसाचा दंडुकाही नाही. मी एक जुनी मापकाठी आहे. सहा फूट लांब, सागवानी, अंगठ्याएवढी जाड. सांगलीत याकोबनाना सुतारांच्या दुकानात खिळ्याला उभी टांगलेली असते. मला खाली काढलं म्हणजे कुणीतरी गेलं, हे सगळ्या गल्लीला पाठ झालंय.

पण मी जन्मापासून अशी नव्हते.

वडूजकडचं एक जुनं घर पाडलं, तेव्हा त्याच्या तुळईतून नानांच्या वडिलांनी मला काढलं. रंध्यानं तासलं, पटाशीनं फूट-इंचाच्या रेघा कोरल्या, त्यात काजळ भरलं. लय देखणी होते मी! कुंडलच्या मोठ्या घराचं दार माझ्या मापानं झालं. चर्चची सगळी बाकडी माझ्या मापानं झाली. एकही बाकडं डुगडुगत नाही, म्हणून पाळकसाहेबांनी भर उपासनेत उठून वडिलांचं कौतुक केलं होतं. तेव्हा याकोब लहान होता. दर नाताळला तो माझ्याशेजारी ताठ उभा राहायचा आणि वडील माझ्या पाठीवर त्याच्या उंचीची खाच पाडायचे. अशा बारा खाचा आहेत. शेवटची सोळाव्या वर्षाची. पुढं त्याला लाज वाटायला लागली.

मग बाजारात लोखंडी टेप आली. खिशात मावणारी. माझं काम संपलंच होतं, पण वडिलांनी एक नियम घालून दिला. "दाराखिडक्यांना टेप चालंल. माणसाच्या पेटीला काठीच."

"का वं?" याकोबनं विचारलं होतं.

"टेप सोडली की सर्रकन आत पळती. मेलेल्या माणसाजवळनं असं पळायचं नसतं रं. काठीला खाली बसावं लागतं, दोन हात लावावं लागत्यात."

असा माझा धंदा बदलला. आमच्यात माणूस गेला की पुरतात, शवपेटी लागते. पेटी करायची आणि तीही लगोलग. कुणाच्याही घरातून निरोप आला की नाना मला खांद्यावर टाकून निघायचे. मृताजवळ गुडघ्यावर बसायचे, मला शेजारी ठेवायचे, नखानं खूण करायचे. चाळीस वर्षं. पैलवान मोजले, शिक्षक मोजले, एकदा माझ्या दोन फुटांच्या रेघेपाशीच संपलेलं एक लेकरू मोजलं. त्या दिवशी नाना जेवले नव्हते.

नानांना मूलबाळ नाही. बायको सलोमी. ठेंगणी, बोलकी. त्या दोघांचं मी सगळं ऐकलंय, पण सांगणार नाही. फक्त हे सांगते, की एकवीस सालच्या मे महिन्यात, त्या रोगाच्या दुसऱ्या लाटेत, सलोमीबाई दवाखान्यात गेल्या आणि नवव्या दिवशी फोन आला.

नानांनी मला खिळ्यावरून काढलं आणि दारातच थांबले. न्यायचं कुठं? जवळ जाऊ देत नव्हते. चेहरासुद्धा दाखवत नव्हते. स्वयंपाकघराची फडताळं केली तेव्हा सलोमीबाईंची उंची घेतलेली त्यांच्या डोक्यात होती. तेवढ्यावर त्यांनी माझ्या पोटावर एक खाच पाडली आणि पेटी केली. पहाटेपर्यंत रंधा थांबला नाही. सकाळी टेम्पोतून पेटी घेऊन कबरस्तानात पोचले, तर पांढऱ्या कपड्यातली माणसं माती टाकून हात धूत होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि पुरलं. झालं.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "नाना, पेटी परत न्यायची?"

आणि ती पेटी परत आली. मित्रांनो, पेटी परत आलेली मी कधी पाहिली नव्हती.

नानांनी तिच्यावर सलोमीबाईंची चादर टाकली आणि कोपऱ्यात ठेवली. चर्चला जाणं बंद झालं. पाळकसाहेब आले, तर म्हणाले, "साऱ्या गावाला पेट्या दिल्या, आणि माझीच बाई उघडी गेली. कुठल्या तोंडानं येऊ?" पवित्र शास्त्र, आमचं बायबल, फडताळात, त्याच्यावर भुसा. लोक आता प्लायचं तयार फर्निचर घेतात, त्यामुळं दुकानात कुणी येईना. साखरेच्या आजाराच्या गोळ्या मात्र नाना घ्यायचे. डब्याचं झाकण रोज सकाळी टक् वाजायचं.

ह्या जानेवारीत ते वाजायचं थांबलं.

मी खिळ्यावरून बघत होते. पाकिटं भरलेलीच. नाना वाळत चालले. पायाला जखम झाली, ती बरी होईना. आणि एक दिवस त्यांनी पेटीवरची चादर ओढली. आत उतरून आडवे झाले. पाय मावेनात. उठले, मला काढलं, भिंतीला उभी केली आणि माझ्याशेजारी ताठ उभे राहिले. नाताळात राहायचे तसे. डोक्यावर तळहात ठेवून खूण केली आणि माझ्या पाठीवर, त्या बारा खाचांच्या वर, तेरावी खाच पाडली. पाच फूट आठ.

पन्नास वर्षांनी. पटाशी तीच होती.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीतले दस्तगीरभाई दोन लांब फळ्या घेऊन आले. नानांचे जुने दोस्त.

"कुणाचं म्हनायचं काम?"

"हाय एक गिऱ्हाईक."

"माप काय?"

"पाच-आठ."

दस्तगीरभाईंनी नानांना खालपासून वरपर्यंत बघितलं. चादर बाजूला पडलेली बघितली. पेटीची एक बाजू खोललेली बघितली. "तुमच्याएवढंच हाय की वं गिऱ्हाईक," एवढंच म्हणाले आणि पैसे न घेता निघून गेले.

नाना स्वतःशीच बोलले, "ही पेटी पुरी झाली की मी बी मोकळा."

मला वाटलं, चर्चच्या मंडळीतलं कुणी येणार नाही. पण दुपारी दारात रिक्षा थांबली आणि चंद्राबाई उतरल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मिशनच्या एका दवाखान्यात त्या जन्मभर आया होत्या. चर्चमधलं निम्मं गाव त्यांच्याच हातात जन्मलंय. नानासुद्धा त्यांना मावशी म्हणतात.

"सलाम, याकोब."

"सलाम मावशी. कुणाचं?" नानांचा हात सवयीनं माझ्याकडं आला.

"माझं."

"म्हंजी?"

"म्हंजी माझं माप घे. जितेपणीच पेटी बघून घ्यायची हाय मला. मेल्यावर तू कसली बी फळी लावशील, मी काय भांडाय येणार हाय? घाल सतरंजी."

आणि मित्रांनो, म्हातारी खरंच रंधायच्या बाकावर आडवी झाली! नानांनी मला शेजारी ठेवलं. मी हलत होते, कारण चंद्राबाई हसत होत्या आणि त्यांचं पोट वरखाली होत होतं.

"हालू नका मावशी. माप चुकतंय."

"जिती हाय म्हनून हालतीया. मेल्यावर न्हाई हालणार, जा, शबूद दिला."

नानांनी नखानं खूण केली आणि नख एका खाचेत जाऊन अडकलं. सलोमीबाईंच्या खाचेत. बरोबर तिथंच.

नाना खाली बसले.

"ठाव हाय मला," चंद्राबाई उठून बसत म्हणाल्या. "तिचं झंपर मला बसायचं. ती पेटी मला दे. तुला लांडी पडती म्हनून तिचं लाकूड फाडाय निघालास व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"तुझा दोस्त नमाजावरनं थेट माझ्या दारात आला. म्हनला, 'आज्जी, तुमचा सुतार सोताची पेटी करतोय, मला न्हाई जमत त्याला बोलाय.' मुसलमानाला कळलं, आन् आमची मंडळी बसलीया गाणी म्हनत. लाज वाटली मला."

नाना एकदम फुटले. "मावशी, तिला मी मोजली पण न्हाई. प्लास्टिकात टाकली वं तिला. आता कुठं आसंल, कशी आसंल..."

"ऐक." चंद्राबाईंचा आवाज बदलला. "माझी दोन लेकरं वडूजच्या माळावर हायत. एका आठवड्यात गेली. तवा मी ख्रिस्ती न्हवते, कुणाचीच न्हवते. जुन्या लुगड्यात गुंडाळून पुरली. पेटी न्हाई, वर दगूड बी न्हाई. आता त्या जागंवर कुणीतरी ज्वारी करतंय. मला सुदीक जागा घावायची न्हाई. येडी झालते मी. दवाखान्यात फरशी पुसताना तिथल्या बाईनं विचारलं, तुझी लेकरं कुठं गेली तुला ठाव न्हाई, पर ज्यानं केली त्याला ठाव नसंल व्हय? त्या एका शब्दावर मी साठ वर्सं काढली, याकोब. तुझी काठी लय चांगली हाय. पर तिथं तुझ्या काठीचं काम न्हाई."

बाहेर कुणाची तरी गाडी वाजत होती. नाना रडत होते. कसे रडत होते ते सांगणार नाही.

बाकावरून उतरताना चंद्राबाईंनी अटी घातल्या. "खिळं चारच मारायचं."

"चार? पेटीला बारा लागत्यात."

"प्रभू हाक मारंल त्या दिवशी उठायचं हाय मला. बारा खिळं कोण उपसत बसंल, ह्या वयात? आन् दर आयतवारी बघाय येणार मी. माझी पुरी झाल्याबिगर तुझी करायची न्हाई."

"आन् झाल्यावर?"

चंद्राबाई रिक्षाला हाक मारत बाहेर पडल्या.

त्या दर रविवारी उपासनेनंतर यायच्या. शाळूची भाकरी आणायच्या, समोर बसून गोळी गिळायला लावायच्या, मग पेटी तपासायच्या. "हितं कुसळ हाय, टोचंल की."

"तवा काय कळणार हाय तुमाला?"

"आता कळतंय न्हवं!"

कधी कडा गोल कर, कधी तेल पुन्हा लाव. सलोमीच्या कबरीजवळ जाऊन येते म्हणायच्या आणि आल्यावर गुडघे चोळायच्या. "कबरस्तानात बसाय एक दगूड न्हाई. मेलेली निजल्यात आरामात, जित्यांनीच उभं ऱ्हायाचं." जखम भरत आली. डब्याचं झाकण पुन्हा वाजायला लागलं. पण त्या दोन लांब फळ्या भिंतीला तशाच उभ्या होत्या. नानांनी त्या परत केल्या नव्हत्या. माझ्या पाठीवर तेरावी खाच होतीच. रात्रंदिवस ती खाच आणि त्या फळ्या एकमेकींकडं बघत राहायच्या, असं मला वाटायचं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चंद्राबाई आल्या नाहीत.

नानांनी भाकरीसाठी ताट मांडलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. मग दस्तगीरभाई दारात येऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. नानांनी खिळ्याकडं बघितलं.

गल्ली बाजूला झाली. कुणीतरी हळूच म्हणालं, "कुणाचं?" नाना चालत राहिले. मला चंद्राबाईंसाठी भीती नव्हती. मला भीती वाटत होती ती ह्या माणसासाठी. त्यांची पेटी पुरी झाली होती. अट संपली होती.

नाना गुडघ्यावर बसले, मला शेजारी ठेवलं. माप ठाऊक होतं, तरी ठेवलं. त्या हलल्या नाहीत.

"शबूद पाळलासा मावशी," नाना म्हणाले.

चंद्राबाईंना घेऊन सलोमीबाईंची पेटी खाली गेली. चार खिळे.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, नानांनी अंथरुणात काढला. भिंतीकडं तोंड करून. डबा वाजला नाही. शनिवारी सकाळी ते उठले आणि सरळ त्या लांब फळ्यांकडं गेले. दोन्ही आडव्या घातल्या. मला काढलं. फळीवर ठेवलं, आणि माझी पाठ वर केली. तेरावी खाच वर. त्यांचा अंगठा त्या खाचेवर किती वेळ होता, मला सांगता येत नाही.

मग त्यांनी मला पालथी केली. चार फुटांवर रेघ मारली. करवत चालली. दीड फुटावर दुसरी. मला काही कळेना. चार फुटाची पेटी कुणाची? दुपारी पाय दिसायला लागले, मग पाठ. बाकडं होतं!

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते. तारे मावळायच्या आधी गाणी सुरू होतात. त्या दिवशी नाना आणि दस्तगीरभाई बाकडं उचलून आले. बोळकंडीतून जाताना माप घ्यायला मलाही आणलं होतं. सलोमीबाईंच्या आणि चंद्राबाईंच्या कबरींमधे जागा होती. बाकडं बसलं, डुगडुगलं नाही. तीन वर्षांनी नानांना उपासनेला आलेलं बघून पाळकसाहेब गाण्याची ओळच विसरले.

नाना बाकड्यावर बसले. खिशातून गोळी काढली, दस्तगीरभाईंच्या थर्मासमधल्या चहाबरोबर गिळली. मग सलोमीबाईंच्या मातीकडं बघून अगदी हळू म्हणाले, "प्रभू, तिचं माप माझ्याकडनं ऱ्हायलं. तुझ्याकडं हाय न्हवं? मग झालं." आणि उजाडलं.

मित्रांनो, मी परत खिळ्यावर आहे. तेरावी खाच नानांनी घासून काढली नाही. ती एक दिवस लागणार आहे, त्यांना माहीत आहे, मलाही. पण तुमच्याकडं एक मागते. तुमच्या शेजारी कुणाचं दार बंद राहत असेल, कुणी जेवत नसेल, कुणाच्या गोळ्या डब्यात तशाच असतील, तर जाऊन बघा. दोन हात लावा, खाली बसा. माणसाचं माप जितेपणी घ्या. तो हलंल, हसंल, भांडंल. चुकलं तर पुन्हा घेता येतं.

नंतरचं माप घ्यायला मी आहेच. मला घाई नाही.