किल्लेदारी

कळंबच्या एसटी स्टँडामागं महांतेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळकी मोटार त्याच्या हाताखालून गेली की पुन्हा कुरकुरत नाही, असं गिऱ्हाइकं कौतुकानं सांगायची. अलीकडं सांगायची बंद झाली होती. खोललेल्या मोटारी तशाच पडून राहायच्या आणि महांतेश मोबाइलवर किल्ला सांभाळत बसायचा.

गेम तसा साधाच. टोळी जमवायची, किल्ला बांधायचा, दुसऱ्यांचे पाडायचे. महांतेश त्यात किल्लेदार होता. नांदेडपासून गुवाहाटीपर्यंतची, कधी न भेटलेली माणसं त्याच्या शब्दावर धावायची. दुकानात गिऱ्हाईक "कधी देतू रे?" म्हणून खेकसायचं. तिथं मात्र "किल्लेदार, काय करू?" असं विचारलं जायचं. त्याचीच चटक लागली. पुढं त्यातली मजा कधी आटली, ते त्यालाही कळलं नाही. नुसती हजेरी उरली. पहारे लावा, धान्य गोळा करा, रुसलेल्यांची समजूत काढा. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची, तरी हात मोबाइलकडंच जायचा.

एका दुपारी तो घरी जेवायला आला आणि ताटावरच भिंतीला टेकून झोपला. जाग आली ती कुजबुजीनं. दुसरीतली जाई आईला सांगत होती, "पप्पाचा भात झाकून ठेव. उठवू नको. चहाच्या वक्ताला त्यांच्यावर हल्ला असतोय, तवा उठतेत आपोआप."

"तुला गं कसं ठाऊक?" शिवगंगानं विचारलं.

"रोजच असतंय की. तवा त्यांच्याशी बोलायचं न्हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेजारणीला नळ यायची वेळ सांगावी, तसं तिनं सांगितलं. महांतेश डोळे मिटून पडून राहिला. पोरीनं पाय आपटून रडायला पाहिजे होतं, असं त्याला वाटलं.

दुकानात परतल्यावर त्यानं अस्मिताला फोन लावला. ही लातूरची, बँकेत नोकरीला. टोळीत त्याच्या खालोखाल तिचा मान.

"किल्ला आजपासून तुमचा, ताई. म्या सोडतो."

ती म्हणाली, "नको, दादा. मीच सोडणार होते. बँकेत चुका होतायत, घरी कुणी धड बोलत नाही. तुम्ही एकटे पडाल म्हणून थांबले."

"म्या तुमच्यापायी थांबलो होतो."

दोघांनाही हसू आलं नाही.

"मग आता?" अस्मितानं विचारलं.

"पडू द्या."

हल्ला झाला. 'किल्लेदार कुठंय?' म्हणून मेसेजवर मेसेज येत राहिले. 'दमलो. तुमी बी झोपा,' एवढं लिहून महांतेशनं गेम काढून टाकला.

हलकं काही वाटलं नाही. तो गिऱ्हाइकांवर खेकसू लागला, उगाच खिसा चाचपू लागला. एका सकाळी न राहवून गेम परत घेतला. किल्ल्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचा झेंडा होता. थोडा वेळ बघत बसला, मग पुन्हा काढून टाकला.

त्याच दुपारी शिवगंगा डबा घेऊन दुकानात आली. "सुटलं का वो?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाय. सकाळीच परत घेतलता. काढला."

ती पदर खोचून समोर बसली आणि उघड्या मोटारीतली जळकी तार ओढू लागली.

"ही अशीच काढायची का?"

"हळू. बोट कापंल," महांतेश म्हणाला आणि पक्कड घेऊन तिच्याजवळ सरकला.