मिटायचं न्हाई

परशू वेळीपाचा फोन शनिवारी दुपारी मेला. त्यात फोनचा काही दोष नव्हता. वाऱ्याने रानात कुठे कुठे झाडं तारांवर पडली होती, वीज गेली होती, आणि मंगळवार उजाडेपर्यंत गावातले झाडून सगळे फोन एकामागोमाग एक गार पडले होते.

एरवी परशूला याचं सुखच वाटलं असतं. फोन हा मेहुण्याने नको त्या वेळी हाक मारण्यासाठी निघाला आहे, असं त्याचं पक्कं मत होतं. पण बंद पडण्याआधी त्याच फोनवर त्याच्या लेकीला, मयूरीला, तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं की यादी लागली, तुझं नाव आहे, कारवारला नर्सिंगला जागा मिळाली. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत जागा घेत असल्याचं कळवायचं, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाणार. कळवायचं म्हणजे परशूच्याच नंबरवर सहा आकडे येणार, ते भरायचे, मग सरकारचा विश्वास बसणार. तालुक्याच्या गावी जोयड्याला जावं तर रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी वाहत होतं आणि बस बंद होती. मयूरी तीन दिवस त्या मेलेल्या फोनकडे बघत होती, आणि परशू मयूरीकडे.

मंगळवारी सकाळी शिल्पा गावात परत आली आणि घरात जरा धुगधुगी आली. शिल्पा म्हणजे पंचायतीचं वाचनालय सांभाळणारी. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसंच तिलाही गाव अक्कोरू म्हणतं. माहेरी अडकली होती, ती मिळेल त्या वाटेने चालत आली. वाचनालयाची किल्ली तिच्याकडे, आणि वाचनालयाच्या कपाटात पंचायतीचा लॅपटॉप. तो तिने उघडून पाहिला तर आत साठ टक्के बॅटरी शिल्लक.

“यातनं तुमचा फोन चार्ज होतोय काय बघू, परशूमामा,” ती म्हणाली. “भिंतीतल्यासारखा भराभर न्हाई व्हायचा. वेळ लागंल.”

वेळ होता. बारा वाजले होते.

पहिल्यांदा वायर लावली तर काहीच झालं नाही. शिल्पाने वायर बदलली. मग फोनच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि झाडूच्या काडीने आतून शेणकुटाच्या भुशासारखं काहीतरी बाहेर काढलं. परशू फोन कंबरेला खोचतो, तेव्हा त्यात त्याची अर्धी शेती सापडली तरी नवल नव्हतं. तरी फोन ढिम्म. मग तिने वायर लॅपटॉपच्या उजव्या बाजूची काढून डाव्या बाजूला लावली, आणि फोन एकदा थरथरला. काळ्या काचेवर बॅटरीचं हिरवं चित्र उमटलं. मयूरीने रोखलेला श्वास सोडला.

शिल्पा हुशार बाई. लॅपटॉप झोपला की वीज द्यायचा थांबतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तो आपोआप झोपणार नाही अशी सोय तिने केली आणि उजेड अगदी कमी केला. फोन मुळीच सुरू करायचा नाही असं बजावलं, आणि पडझड झालेल्या घरांची यादी करायला पंचायतीत गेली. मयूरी अर्जाचा नंबर लिहिलेला कागद आणायला घरी गेली. घर रानातून दीड तासाच्या वाटेवर. परशू राखणीला बसला.

आता परशूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तो चौथीपर्यंत शिकला होता, आणि त्या चार वर्षांतली एकच गोष्ट त्याने आयुष्यभर पाळली होती. पुस्तक उघडं टाकायचं नाही. उघड्या पुस्तकातून विद्या निघून जाते, असं त्याच्या गुरुजींनी सांगितलं होतं. मयूरी पहिलीत गेल्यापासून रोज रात्री पुस्तकावरच झोपी जायची. परशू तिच्या हाताखालून पुस्तक काढायचा, मिटायचा, कपाळाला लावायचा आणि फळीवर ठेवायचा. बारा वर्षं हे चाललं होतं. लेकीच्या शिक्षणात आपण काय केलं असं कोणी विचारलं असतं, तर त्याने हेच सांगितलं असतं, आणि त्याला ते पुरेसं वाटलं असतं.

समोर लॅपटॉप उघडा पडला होता. काच अंधारलेली, वाचणारं कोणी नाही, आणि खिडकीतून वारा आत येतो आहे. परशूने थोडा वेळ सोसलं. मग उठला, हात कंबरेला पुसले, लॅपटॉप हळूच मिटला, कपाळ टेकवलं, आणि वर आपला टॉवेल पांघरला. वायरला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. अक्कोरूंनी वायरीला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

दीड वाजता बाहेर चपला वाजल्या. परशूने टॉवेल काढला आणि लॅपटॉप उघडून ठेवला, बाई येताना दार उघडून धरावं तसा. टेबलावर फोन थरथरला. शिल्पाने येऊन पाहिलं. चित्र हिरवं होतं आणि टक्क्यांचा आकडा एकावर होता.

“वायर हलवली काय, मामा?”

“न्हाई,” परशू म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

शिल्पाने पुन्हा काडी घातली, तिसरी वायर शोधून लावली, चार मिनिटं उभं राहून पाहिलं. चालत होतं. यादी अर्धी राहिली होती म्हणून ती परत गेली. परशूने परत मिटला.

तीनला मयूरी आली तीच धावत. चपलांचा आवाज ऐकून परशूने पुन्हा उघडला, फोन पुन्हा थरथरला, आणि आकडा दोन होता. तीन तासांत दोन. मयूरी बाकावर बसली. मागोमाग शिल्पाही आली. तिने फोन उलटा केला, वायर पिळून पाहिली, दुसऱ्या बाजूला लावली, परत डाव्या बाजूला आणली. शेवटी म्हणाली की फोनची बॅटरीच गेली असावी, आता काही उपाय दिसत नाही.

परशू मात्र फोनच्या थरथरीचा विचार करत होता. तो राखणीला बसल्यापासून फोन दोनदा थरथरला होता, आणि दोन्ही वेळा त्याने लॅपटॉप उघडल्या उघडल्या. रानात आयुष्य काढलेल्या माणसाला, कशामागून काय झालं, हे शिकवावं लागत नाही. त्या दोघी बोलत असताना त्याने हात पुढे केला आणि लॅपटॉप मिटला. फोनवरचं हिरवं चित्र गेलं. उघडला. थोड्या वेळाने फोन थरथरला.

गप्प बसता आलं असतं. लॅपटॉप आता उघडाच ठेवला असता तर कोणाला काही कळलंही नसतं, बॅटरीवर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. पण आपण गप्प बसलो आणि बाईने दोष शोधत आणखी वेळ घालवला तर, हे त्याच्या ध्यानात आलं.

“मी मिटून ठेवला हुता,” तो म्हणाला. “दोन टायमाला. उघडा बरा दिसना म्हणून.”

शिल्पाने कपाळावर हात मारला. मिटला की झोपतो, ते वेगळं बंद करावं लागतं, असं काहीसं ती स्वतःशीच बोलली. मयूरीने बापाकडे पाहिलं. मग तिने लॅपटॉपचं झाकण आणखी थोडं मागे ढकललं. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर परशूला हलकं वाटलं असतं.

त्यानंतर दीड तास परशू लॅपटॉपसमोर हात मांडीखाली दाबून बसला. आकडा पाच झाला, आठ झाला, बारा झाला. तिकडे लॅपटॉपचा साठाचा नऊवर आला. साडेचार वाजले.

शिल्पा म्हणाली की आता थांबण्यात अर्थ नाही. फोन जुना आहे, सुरू केला आणि रेंज शोधायला लागला की बारा टक्के बघता बघता संपतील, तेव्हा वायर काढायची नाही. रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. म्हणजे लॅपटॉपही टेकाडावर न्यायचा, आणि उघडाच न्यायचा.

“मी धरतो,” परशू म्हणाला.

त्याने लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर घेतला. मयूरी फोन घेऊन शेजारी, मधे हातभर वायर, शिल्पा दोघांवर छत्री धरून. पाऊस बारीक होता पण वारा झाकण ढकलत होता. परशूने झाकणाची पाठ छातीला टेकवली आणि तो चढायला लागला. उभ्या जन्मात त्याने ओझी पुष्कळ वाहिली होती, पण पाय इतके जपून कधी टाकले नव्हते. देवळासमोरून जाताना हात जोडता आले नाहीत. त्याने नुसती मान झुकवली.

टेकाडावर मयूरीने फोन सुरू केला. बाराचा आकडा सहा झाला. रेंज एक दांडी आली, गेली, परत आली. तिने नंबर भरला आणि तिघं थांबली. मोजून कोणी पाहिलं नाही, पण परशूला तो वेळ भाताच्या अख्ख्या हंगामाएवढा वाटला. मग सहा आकडे आले. मयूरीची बोटं भराभर फिरली. कन्नडमध्ये हिरवी ओळ उमटली, ती तिने मोठ्याने वाचली. जागा पक्की. पाचला अकरा मिनिटं होती.

शिल्पा हसली. मयूरी हसता हसता रडायला लागली आणि बापाच्या दंडाला कपाळ टेकून उभी राहिली. “आप्पा, सोमवारी जायचं हाय. हास्टेल पण हाय म्हणत्यात,” ती म्हणाली.

“व्हय,” परशू म्हणाला. जाऊ दे, शिकू दे, हे त्यानेच गावभर सांगितलं होतं, आणि ते मनापासून होतं. फक्त सोमवारनंतर रात्र होईल, आणि मिटून फळीवर ठेवायला पुस्तक नसेल, हे त्याने हिशेबात धरलं नव्हतं.

शिल्पाने वायर काढून घेतली. “झालं, मामा. आता मिटा. तीन टक्के राह्यल्यात.”

परशूने झाकणावर हात ठेवला. दिवसभर ज्यासाठी हात शिवशिवत होता, ते आता करायला बाईच सांगत होती. मयूरी अजून दंडाला टेकलेली होती.

“असू दे वाईच,” तो म्हणाला, आणि लॅपटॉप उघडाच धरून टेकाडावर उभा राहिला. त्याला तो मिटायचा नव्हता. काचेवरचा उजेड आपसूक विझेपर्यंत तो तसाच उभा होता.