बुटांचा दुसरा जोड

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी शिडीवर होतो. पडदे बसवायचं काम मी बावीस वर्षं करतो. गिऱ्हाइकाच्या दारात बूट काढायचे, मोज्यांवर आत जायचं, भिंतीला भोकं पाडून दांडी बसवायची. खाली शिडी धरायला जोडीदार असतो. तो उंचीला कमी, म्हणून दुकानात सगळे त्याला टिल्लू म्हणतात. माझा फोन त्याच्या खिशात होता. त्याने तो घेतला, ऐकला आणि म्हणाला, "दादा, खाली या."

"एक स्क्रू राहिलाय."

"राहू दे."

मी खाली आलो. दारात बसून बूट घातले, दोन्ही नाड्या नीट बांधल्या. घाई करून उपयोग नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ती आमच्या इमारतीच्या जिन्यात बसली ती उठलीच नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, घरात खुर्चीवर असत्या तरी हेच झालं असतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात सापडली. तिथे तिचं काय काम होतं, हे मी कुणाला विचारलं नाही. त्या दिवसांत विचारायच्या गोष्टी पुष्कळ होत्या.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. चौथ्या दिवशी एका घरात आम्ही दिवाणखान्यात शिरलो आणि घरची बाई उठून खिडक्या उघडू लागली. मी म्हटलं, पडदा बसवायचाय, खिडकी बंदच असू द्या. ती म्हणाली, "असू द्या हो, जरा हवा येऊ दे." दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने आडपडदा ठेवला नाही. "काही मेलंय का इथे?" असं म्हणून तो सोफ्याखाली वाकून बघू लागला.

बाहेर आल्यावर टिल्लू म्हणाला, "दादा, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"शिडीच्या चौथ्या पायरीवर तुमचे पाय आणि माझं नाक एका रेषेत येतं. शिडी मी धरतो, पण मला कोण धरणार?"

मला हसू आलं नाही. त्यालाही बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण चहाला त्याने माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

पायांना घाम मला लहानपणापासून येतो. पण वास येतो असं कुणी म्हटलं नव्हतं. मी औषधाच्या दुकानातून पावडर आणली आणि मोज्यांत भरपूर ओतली. दुसऱ्या दिवशी एका घरात निळा गालिचा होता. काम संपवून मागे बघतो तर दारापासून खिडकीपर्यंत पांढरी पावलं उमटलेली. टिल्लू म्हणाला, "चोराला पकडायला सोपं." गालिचा आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून पुसला. त्या रात्री मी बूट साबणाने धुतले आणि सकाळी तसेच ओले घातले. याहून मोठी चूक करता आली नसती. दुपारपर्यंत मलाच माझ्याजवळ बसवेना.

मालकांनी बोलावून घेतलं. ते माझ्याहून लहान आहेत, पण मान ठेवून बोलतात.

"बावीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही, आणि आता आठ दिवसांत तीन. घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण सोमवारी अठरा खिडक्यांचं काम आहे, तिथे सगळीकडे नवे गालिचे टाकलेत. त्या दिवशीही असंच झालं तर मी दुसऱ्याला पाठवीन. तुम्ही दुकानात कापड फाडायला बसा."

"बसेन," मी म्हटलं. पण मला बसायचं नव्हतं. टेबलामागे कापड मोजणाऱ्याचं मन कुठेही जाऊ शकतं. शिडीवर तसं चालत नाही, पडायला होतं. त्या दिवसांत मला शिडीच हवी होती.

ती काय करायची, ते मी आठवून बघितलं. दुपारी बदलायला मोज्यांचा एक जोड ती हत्यारांच्या पिशवीत टाकायची. संध्याकाळी मी पाय धुतले की वेगळा पंचा द्यायची आणि म्हणायची, "बोटांच्या मध्ये पुसा, लहान मूल आहात का?" एवढंच आठवलं. बुटांचं काही आठवेना. बूट मी दारात काढायचो आणि सकाळी ते दारातच असायचे. सहा वर्षं एकच जोड वापरतोय, तळ झिजत नाही, असं मी टिल्लूला फुशारकीने सांगत असे.

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"हे तुमचे बूट. किती दिवस ठेवू? द्यायला यायचं म्हणत होते, पण धीर होत नव्हता."

मी म्हटलं, "माझे बूट इथे आहेत." आणि दाराकडे बोट दाखवलं.

त्यांनी पिशवीतून बूट काढून त्यांच्या शेजारी ठेवले. तोच रंग, तोच आकार, टाचेला तशीच घडी. फरक म्हटला तर नाड्यांखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला होता. एकात लाल दोऱ्याचा टाका होता, दुसऱ्यात हिरव्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"कमाल आहे! अहो, एक दिवस हा जोड पायात, तो माझ्या गॅलरीत. तुमच्याकडे ऊन कुठे येतं? रोज दहाला आणून ठेवायची, चारला न्यायची. नाड्या सैल, जीभ बाहेर ओढलेली, आतलं तळाचं अस्तर काढून वेगळं वाळत. एकदा घातलेला बूट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही, म्हणायची. आत भिजलेलाच असतो."

"मला का नाही सांगितलं?"

बाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मीही विचारलं होतं. म्हणाली, सांगितलं तर त्यांना कळेल ना, की आपल्या पायांना वास येतो. मग परक्यांच्या घरात पाय टाकताना रोज लाजतील."

ती गेली त्या दिवशीही बूट गॅलरीतच होते. म्हणजे ती वर जात नव्हती, उतरत होती. हात रिकामे होते.

सोमवारी मी तो वाळलेला जोड घालून गेलो. आत सुती कापडाचं दुपदरी अस्तर होतं. कापड मी ओळखलं. फडकी म्हणून मी घरी आणायचो ते पडद्यांच्या अस्तराचे तुकडे. दुपारी मोजे बदलले. अठरा खिडक्या झाल्या. चौथ्या पायरीवर होतो तेव्हा टिल्लूने खालून दोनदा नाक ओढलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही दादा. चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय."

मालकांनी दुकानात बसायचा विषय पुन्हा काढला नाही.

आता सकाळी निघताना मी बाईंच्या दारात एक जोड ठेवतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. त्या म्हणाल्या होत्या, मी खाली येऊन नेत जाईन. मी नको म्हटलं.

परवा शिलाईच्या डब्यात नव्या अस्तराचा जोड मिळाला. बुटातली जुनी अस्तरं विरली आहेत, म्हणून तिने शिवायला घेतला असणार. उजव्या पायाचं पूर्ण आहे. डाव्याचं अर्ध्यापर्यंत शिवलेलं आहे, सुई तिथेच टोचलेली आहे. हातशिलाई मला येते, पडद्यांच्या कडा मी कितीतरी वेळा दुमडून शिवल्या आहेत. तो डबा मी दोनदा उघडला. डाव्या पायाची अर्धी शिलाई बाकी आहे.