तीन रीडिंगची अट

माझ्या मेहुण्याच्या मते जगात वस्तूंचे दोनच प्रकार आहेत: नव्या आणि लाजिरवाण्या. माझा फोन सहा वर्षे दोन महिन्यांचा झाला असल्यामुळे तो दुसऱ्या प्रकारात मोडत होता, आणि तो मी चारचौघांत कानाला लावत असल्यामुळे मीही. मेहुणा फोनच्या दुकानात विक्री सांभाळतो. आमच्याकडे आला की तो बूट काढण्याआधी माझा फोन उचलतो, कोपऱ्यातल्या तड्यावरून अंगठा फिरवतो आणि नाडी सापडत नसल्यासारखी मान हलवतो.

"दाजी, हा अजून चालतो?"

"चालतो. त्यावर तुझा आवाज स्पष्ट ऐकू येतो, एवढाच त्याचा दोष."

"ताई, तूच सांग गं यांना. कंपनीनंसुद्धा या मॉडेलचा नाद सोडलाय."

"मी सांगून ऐकणारे असते तर तुझ्यापर्यंत वेळ आली असती का?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी वजने-मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. दुकानांतले काटे, दवाखान्यांतले तापमापक आमच्या टेबलावर येतात. बरोबर निघाले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची चिठ्ठी लावून आम्ही ते परत पाठवतो. माझ्या खोलीतला तराजू माझ्या जन्माआधीचा आहे. त्याचे वय विचारून त्याला कोणी कामावरून काढलेले नाही, कारण तेथे उपकरणाला एकच प्रश्न विचारला जातो: तू खरे दाखवतोस का? हा प्रश्न फोनला विचारावा हे मेहुण्याच्या दुकानात आजवर कोणालाही सुचलेले नाही. तेथे लोक विचारतात, रंग कोणकोणते आहेत.

नव्या फोनची थोरवी त्याने मला अनेकदा ऐकवली होती. त्याला मागे चार कॅमेरे होते. दोन डोळ्यांवर लाखो वर्षे गुजराण केलेल्या प्राण्याला चार कॅमेरे कशाला हवेत, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दाजी, एक लांबचं बघतो, एक जवळचं, एक रुंद."

"आणि चौथा?"

"चौथा सपोर्ट करतो."

"कोणाला?"

"बाकीच्या तिघांना," असे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की ज्या कार्यालयांत चौथ्याचे काम नेमके हेच असते ती सगळी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

तथापि जुना फोन न सोडण्याचे माझे खरे कारण या विनोदांत नव्हते. बायकोच्या पाठीवर डाव्या बाजूला, जिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही आणि आरशातही नीट दिसत नाही अशा जागी, एक तीळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तो भिंगातून पाहिला आणि सांगितले, "आत्ता काही करायला नको. दर महिन्याला फोटो काढा. एक मिलिमीटरनं वाढला किंवा कड फाटल्यासारखी दिसली, तर लगेच घेऊन या."

असे काम माझ्यासारख्याला सांगणे म्हणजे माशाला पोहायला सांगणे. महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे दहा, झोपायच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी, तिळाशेजारी स्टीलची पट्टी, आणि हाच फोन. सत्तावीस महिन्यांचे सत्तावीस फोटो झाले होते. तीळ चार पूर्णांक दोन मिलिमीटरचा होता आणि तेवढाच राहिला होता. आमच्या धंद्यात एक नियम आहे: मालिका चालू असताना उपकरण बदलायचे नाही. बदलणे भागच पडले तर जुने आणि नवे शेजारी ठेवून किमान तीन वेळा एकाच वस्तूचे माप घ्यायचे, दोघांतला फरक ठरवायचा, आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा.

हे मी मेहुण्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "दाजी, राईचा पर्वत नका करू. उलट नव्यात फोटो इतका क्लिअर येतो की तिळाचे केससुद्धा मोजाल."

आणि पुढच्या आठवड्यात तो नवा फोन घेऊनच आला. बहिणीसाठी भेट. बायकोने तो हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला त्याला माझ्याजवळ कोणताही शास्त्रीय आक्षेप नव्हता. तिचा स्वतःचा फोन माझ्या फोनहून जुना होता आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती, हे मला त्या क्षणी, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा, लक्षात आले.

"यापुढे माझे फोटो यातच काढा," ती म्हणाली.

"तीन महिने दोन्हींवर काढू. मग ठरवू."

"फोनचीसुद्धा बदली करताना तुम्हाला नोटीस पीरियड लागतो!" ती हसली, आणि मान्य झाली.

पहिल्या रविवारी दोन्ही फोनवर फोटो काढले. नव्या फोनमधला तीळ सुबक, गोल आणि फिकट होता; सभोवतालची त्वचा तर अशी की जणू ती पन्नाशीच्या बाईची नसून जाहिरातीतल्या साबणाची. पट्टीवर मोजला: चार पूर्णांक शून्य. बायकोने मान वळवून पडद्यावर पाहिले. "बघा! कमी झालाय." तिने लगेच भावाला फोन लावून सांगितले, आणि त्या विद्वानाने पलीकडून जाहीर केले की फोन लाभला.

जुन्या फोनमधला फोटो मी ती अंघोळीला गेल्यावर मोजला. पाच पूर्णांक एक. खालच्या बाजूला फिकट तपकिरी झाक होती, गेल्या महिन्यात नव्हती. नव्या फोनने ती झाक म्हणजे त्वचेवरचा डाग असे समजून पुसून टाकली होती. ग्राहकाला जे पाहायला आवडेल ते दाखवावे, हे त्याला कारखान्यातच शिकवलेले होते. खुशमस्कऱ्याला चार डोळे दिले म्हणून तो साक्षीदार होत नाही.

या ठिकाणी शहाण्या माणसाने पायांत चपला घालून बायकोला घेऊन बाहेर पडायला हवे होते. मी तसे केले नाही. वाढ शून्य पूर्णांक नऊ होती, मर्यादा एकची होती, आणि माझ्या मापातील अनिश्चितता दोन दशांशांची. शिवाय सहा वर्षांच्या भिंगावर ओरखडा असू शकतो, पट्टी तिरकी असू शकते. एका रीडिंगवर निष्कर्ष काढणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. आता स्वतः त्या रांगेत उभा राहणार नव्हतो. अपुऱ्या माहितीवर तिला घाबरवणे योग्य नाही, असे मी स्वतःला सांगितले. वाक्य निर्दोष होते. भित्र्या माणसाची वाक्ये बहुधा निर्दोषच असतात.

पुढच्या महिन्याच्या रविवारी नव्यावर तीन पूर्णांक नऊ, जुन्यावर पाच पूर्णांक चार. आता मर्यादा ओलांडली गेली होती आणि कड खालून कुरतडल्यासारखी दिसत होती. "किती?" तिने ब्लाउजची बटणे लावत विचारले. मी नव्या फोनचा आकडा सांगितला. तो आकडा खोटा नव्हता. फक्त दोनांपैकी जो मला सोयीचा होता तो मी सांगितला. मेहुणा दुकानात दिवसभर हेच करतो आणि त्याबद्दल मी त्याला तुच्छ मानत आलो होतो.

तिसऱ्या महिन्याच्या रविवारला अकरा दिवस उरले होते. संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून परतलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. समोर मी त्या दिवशी घरीच विसरलेला माझा जुना फोन होता. वीज मंडळाच्या तक्रारीचा नंबर शोधायला तिने तो उघडला होता आणि तिला फोटो सापडले होते, एकाखाली एक, एकोणतीस. खाली माझी मोजमापे लिहिलेली होती, दशांशासकट.

"पाच पूर्णांक चार," ती म्हणाली. "मला तीन पूर्णांक नऊ सांगितलंत."

"ते दुसऱ्या फोनचं रीडिंग होतं."

"ते मला कळलं. खरं कुठलं?"

"अजून तिसरं रीडिंग झालेलं नाही. तीन झाल्याशिवाय—"

"खरं कुठलं?"

"जुन्याचं."

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. मग शांतपणे म्हणाली, "पाठ माझी आहे. मला ती दिसत नाही. म्हणून तुम्हाला बघायला सांगितलं होतं. बाईंनी 'लगेच' म्हटलं होतं ना? तुमच्या प्रयोगशाळेत लगेच म्हणजे किती महिने?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते तर घाबरले असते. मी काय काटा आहे, तपासून, चिठ्ठी लावून परत पाठवायला?"

तीन रीडिंगांचा नियम माझ्या जिभेवर होता. तो नियम काट्यांसाठी आहे. काटा तीन महिने चुकीचा राहिला तर कोणाला तरी दोन चिमटी साखर कमी मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे होतो. त्यांनी आधी भिंगातून पाहिले, मग माझा तडा गेलेला फोन घेऊन सगळे फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवले. "छान ठेवलेत," त्या म्हणाल्या. मला क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी शेवटून दुसऱ्या फोटोवर बोट ठेवले. "हा कधीचा?"

"त्रेपन्न दिवसांपूर्वीचा."

"मग त्रेपन्न दिवस कशाची वाट पाहिलीत?"

माझ्याआधी बायको म्हणाली, "तिसऱ्या फोटोची."

बाईंनी माझ्याकडे जसे पाहिले तसे मी ग्राहकांकडे पाहतो, त्यांनी काट्याच्या पारड्याखाली कागदाची घडी सारलेली सापडते तेव्हा. तीळ त्यांनी त्याच दिवशी काढून तपासणीला पाठवला.

नऊ दिवसांनी अहवाल आला. तीळ कर्करोगाच्या दिशेने बिघडायला लागला होता, पण वरच्या थरातच होता आणि पुरता निघाला होता. आणखी थोडी कड काढावी लागणार होती, सावधगिरी म्हणून, आणि मग दर तीन महिन्यांनी तपासणी. "आणखी उशीर केला असतात तर ही गोष्ट मी इतक्या सहज सांगितली नसती," बाई म्हणाल्या. त्या हे माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

बाहेर मेहुणा थांबला होता. अहवाल ऐकून त्याने डोळे पुसले. मी त्याच्याविषयी जे जे म्हणतो त्यातले काहीही त्या वेळी मला उपयोगी पडले नाही. पाच मिनिटांत तो पुन्हा मूळ पदावर आला. "ताई, त्या फोनमध्ये स्किनचं सेटिंग बंद करता येतं गं. दाजींनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं!"

"तू विकताना सांगतोस का ते?" मी विचारले.

"विकताना कोण विचारतं?"

"तुम्ही दोघंही गप्प बसा," बायको म्हणाली. "नवा फोन मी ठेवते. बोलायला चांगला आहे. जुना यांच्याकडे राहू दे. तो खरं सांगतो, हे लपवतात. जोडी चांगली आहे."

मेहुणा हसला. मी हसलो नाही, कारण विधानात दुरुस्ती करण्याजोगे काही नव्हते.

काउंटरवरच्या मुलीने पुढच्या तारखेचे कार्ड भरायला घेतले. "रिपोर्ट आणि तारखा कोणाला कळवायच्या? नंबर सांगा."

सवयीने मी माझ्या नंबरचे पहिले तीन आकडे सांगितले. मुलीने ते लिहिलेही.

"खोडा ते," बायको म्हणाली, आणि पुढे होऊन स्वतःचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. मग मुलीकडून तो परत वाचून घेतला.