माहेरची ओटी, न्याहारीसह

माझ्या माहेरी राहायचं असेल तर आता आधी बुकिंग करावं लागतं. हे मी रागानं म्हणत नाही, त्यांच्या पाटीवरच तसं लिहिलंय. बरं, रागानंच म्हणतेय.

घर पणजोबांचं. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढले, सुभेदार होऊन परतले आणि कऱ्हाडच्या अलीकडे कृष्णाकाठी त्यांनी हे काळ्या दगडाचं घर बांधलं. माझ्या धाकट्या भावानं, मानसिंगनं, त्याची जुन्या पद्धतीनं डागडुजी करून ते पाहुण्यांना राहायला उघडलं. नाव 'सुभेदार निवास'. पुण्या-मुंबईची माणसं येतात, मुक्काम करतात, सकाळी न्याहारी करून जातात. मानसिंग स्वतः मळ्यात नवा बंगला बांधून राहतो.

आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा मानसिंगनं माझी हक्कसोडाची सही घेतली. घेतली कसली, मीच हसत दिली. सासर विट्याचं, पण तेव्हा आमचं सेलमला गलाईचं दुकान होतं, सोनं आटवायचं, खायला-ल्यायला कमी नव्हतं. माझे मालक म्हणाले, जरा विचार कर. मी म्हटलं, मला काय करायचंय दगडमातीचं, माझं माहेर तेवढं उघडं राहू दे. आमच्याकडच्या बायका असंच करतात. वाटा मागितला की भाऊ तुटतो आणि सोडला की राहतो, असं आम्हाला वाटत असतं. सही झाली त्या दिवाळीला मानसिंग मला न्यायला आला. पुढच्या दिवाळीला घराचं काम चालू होतं. त्याच्या पुढच्या दिवाळीला सीझन होता. मग त्यानं कारण सांगायचंही सोडलं.

यंदा माझ्या लेकीनं, शिवांजलीनं, पुण्यातून परस्पर बुकिंग केलं. "मामा बोलवत नाही ना? मग आपण पैसे भरून जाऊ. तेव्हा तर नाही म्हणणार नाही," असं म्हणाली. मी तिच्यावर खूप चिडले. आणि मग मानसिंगला आवडतात म्हणून शेंगाच्या पोळ्या केल्या. मनात एकच होतं. मला दारात बघून तो म्हणेल, आक्का, खोलीत कसली राहतीस, घरी चल. एवढं म्हटला असता तरी मला सगळं पावलं असतं.

दारात तो फेटा बांधून, हात जोडून उभा होता. मी गाडीतून उतरले तसे त्याचे हात तसेच राहिले.

"आक्का? बुकिंगला शिवांजलीचं नाव बघितलं, म्हटलं दुसरी कोणतरी असंल."

"दुसरी न्हाई. आमीच हाय."

"लय बरं केलंस." त्यानं पोळ्यांचा डबा घेतला. तेवढ्यात मागं आणखी एक गाडी येऊन थांबली आणि त्याची नजर तिकडं गेली. "आज जरा गर्दी हाय आक्का. खोलीत टेक, मी आलोच."

खोली शिवांजलीनं मुद्दाम निवडलेली. तिचा जन्म तिथलाच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याच खोलीत आईनं मला शेक-शेगडी केली होती. पाळणा टांगायची कडी अजून तुळईला होती, तिला आता पितळेचा दिवा लोंबत होता. शिवांजली कौतुकानं फोटो काढत होती. मी खिडकीशी बसून मानसिंगची वाट बघत राहिले. प्रत्येक पावलाला वाटायचं, आला. पाणी द्यायला माणूस आला, टॉवेल द्यायला आला, मानसिंग काही आला नाही.

तो भेटला जेवणाच्या वेळी, सगळ्या पाहुण्यांच्या समोर. पणजोबांची गोष्ट सांगत होता. अण्णांनी आम्हा दोघांना एका घोंगड्यावर घेऊन सांगितलेली ती गोष्ट, पण आता पुस्तकी भाषेत. शेवटी म्हणाला, "आमच्या घराण्यात लेकीबाळींना फार मान. लेक निघाली की तिची ओटी भरायची. तीच प्रथा आम्ही आपल्यासारख्या पाहुण्यांसाठीही जपली आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, तो माझ्याकडे सोडून सगळ्यांकडे बघत होता.

सकाळी न्याहारीला गेले तर टेबलावर थालीपीठ, लोणी, ठेचा, आणि शेजारी परातीत माझ्या पोळ्या. चार-चार तुकडे करून मांडलेल्या. पुढं चिठ्ठी, 'घरची शेंगाची पोळी'. एक गृहस्थ मला म्हणाले, "घ्या ना, अप्रतिम आहे." मी म्हटलं, माहीत आहे. शिवांजली उठून मामाकडे निघाली होती, मी हात धरून तिला खाली बसवलं.

निघताना पुढच्या सोप्यात पाट मांडलेला. ओटी भरायला बनाबाई नावाची कामाची बाई, आणि आमची भावजय फोन घेऊन फोटो काढायला. माझ्या आधी जीन्सवाली एक मुलगी बसली, तिच्या ओढणीत तांदूळ, नारळ, खण पडला. मग मी पदर पसरून बसले. भावजय म्हणाली, "आक्का, जरा हिकडं बघा." बनाबाई नवी होती. तिनं मला कुंकू लावलं आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "गाव कंचं म्हनायचं, ताई?"

ज्या घरात मी रांगले त्या घरात मला गाव विचारत होते. मी म्हटलं, "विटा."

आमच्यात ओटी भरली की लेक त्यातले पाच दाणे सुपात माघारी टाकते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. आई असताना सूप धरायचा मान मानसिंगचा. आतापर्यंत एकदाही मी ते चुकवलं नव्हतं. मी उठले, तर तो पुढं आला आणि बनाबाईच्या हातातलं ओटीच्या तांदळाचं सूप घेऊन माझ्यापुढं धरलं.

"आक्का, दाणं टाक," तो हळू म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होता. दाणे टाकायची त्याला आठवण होती, मला घरी न्यायची नव्हती. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

"आधीच्या पोरीनं टाकलं का?" मी विचारलं.

"तिला कुठनं ठावं? ती गिऱ्हाईक."

"माझंबी पैसं भरल्यात, मानसिंग."

"तसं नको आक्का. आईची रीत हाय."

मी पदराला गाठ मारली आणि गाडीत जाऊन बसले. गाडी वळेपर्यंत तो सूप धरून उभा होता, मागं कुणीतरी त्याला हिशोबासाठी हाका मारत होतं.

विट्याला येऊन मी त्या तांदळाचा भात केला. मालक जेवता जेवता म्हणाले, "तांदूळ चांगला हाय की. माहेरचा का?"

"न्हाई," मी म्हटलं. "विकतचा."