नीलम्माच्या अंगठ्याची शाई

मित्रांनो, मी सोलापूरच्या एका कापडगिरणीतला जुना, दमलेला शाईचा डबा आहे. अंगठा उठवायचा पॅड म्हणतात तो मीच. माझ्या पोटात कापडाची गादी आहे. तिच्यावर इतक्या जणांनी अंगठे दाबले, की मधोमध खळगा पडला.

मी नवा होतो तेव्हा माझा मोठा मान होता. पगाराच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागायची. त्या रांगेत नीलम्माही असायची. तरुणपणाची कितीतरी वर्षे हुबळीच्या गिरणीत राबून ती नवऱ्याबरोबर सोलापुरात आली आणि इथे सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. अंगठा उठवला की शाई केसांना पुसायची आणि मान खाली घालून निघून जायची.

पुढे चाळीत बायकांचा वर्ग निघाला. नीलम्मा सही शिकली. तिने शाईचे पेन घेतले आणि पहिली सही ठोकून मला म्हणाली, "बास रे बाबा, तुजं काम संपलं." मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? हळूहळू सगळेच सही करू लागले. मी कपाटामागे पडलो, तोही झाकण उघडे ठेवून. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

१९७४ साली नीलम्माची निवृत्ती जवळ आली. तिचा हुबळीचा फंड अजून तिकडच्याच कचेरीत होता. तो इकडच्या खात्यात आला नसता, तर तिचे तिकडचे राबणे पाण्यात गेले असते. तिने झोकात सही करून अर्ज धाडला. तो परत आला.

"तिकडं तुमचा अंगठा हाय, नीलम्मा," कारकून रामहरी म्हणाला. "सही त्यांनी कुटं बघितलीया?"

"आता परत अंगठेबहाद्दर होऊ व्हय?" ती भडकली. "न्हाय पायजे मला तो फंड!"

बरेच दिवस ती फिरकली नाही. मग एका दुपारी येऊन रामहरीसमोर बसली.

"तिकडलं सूत ह्याच अंगठ्यानं जोडलंय की मी. मग त्याची लाज कशाला? काढा तो डबा."

रामहरीने मला शोधून वरची धूळ फुंकली. नीलम्माने अंगठा दाबला. कागदावर काहीच उठले नाही. मी कोरडाठाक पडलो होतो. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

"नवा मागवाय लागंल," रामहरी पुटपुटला.

नीलम्माने पिशवीतून आपले पेन काढले, उघडले आणि त्यातली सगळी शाई माझ्या खळग्यात ओतली. अंगठा रेघ न् रेघ उठला. या वेळी तिने शाई केसांना पुसली नाही. निळा अंगठा तसाच घेऊन ती ताठ मानेने गेली. पुढच्या उन्हाळ्यात हुबळीचा फंड सोलापूरच्या खात्यात जमा झाला.

मित्रांनो, तुम्ही शिका, झोकदार सह्या करा. पण ज्याचे काम संपले असे वाटते, त्याचे निदान झाकण तरी लावत जा. त्या दिवशी जाताना नीलम्माने माझे लावले होते. तिच्या पेनची शाई माझ्या पोटात अजून ओली आहे.