पलीकडची मोगरी

सकाळपासून भरलेला दीड हात सांधा गुणाजीने पटाशीच्या टोकाने उकरून काढला आणि कापसाची वात चिखलात टाकून दिली. मचव्याच्या पलीकडच्या अंगाचा ठोका थांबला होता. तो थांबला म्हणजे इथे काहीतरी चुकलं, एवढं त्याला आता कळत होतं. फळीच्या कडेला नख लावलं तर लाकूड आतून भिजल्या भाकरीसारखं लागलं. त्याने तेवढा भाग तासला, नवी वात पिळून बसवली आणि लाकडी मोगरी उचलली. दोन ठोके मारले, तसा पलीकडूनही ठोका आला.

पलीकडे कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तो होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, वळसा घालून बघून आला होता. ओहोटीचा गुळगुळीत चिखल, त्यावर खेकड्यांची बारीक नक्षी. माणसाचं पाऊल एकही नाही. टळटळीत दुपार होती. मग त्याने बघायला जाणं सोडून दिलं.

काशीदजवळच्या त्या खाडीत पूर्वी होड्यांचे सांधे भरणारे चौघेजण होते. दोघे दोघे बसत, एक या अंगाला, एक त्या. मधे लाकूड, त्यामुळे तोंडं दिसत नसत. पण नुसत्या आवाजावरून जोडीदाराला कळे, सांधा भरीव झाला की पोकळ राहिला. पुढे एकजण वारला, दोघे माझगावच्या गोदीत पगारावर गेले, आणि गुणाजी एकटा उरला. गेल्या वैशाखात त्याने एकट्याने भरलेल्या होडीने कोर्लईपुढे पाणी घेतलं. धाकू नावाचा खलाशी परत आला नाही. गावाने गुणाजीला काही म्हटलं नाही. होडीचा तांडेल म्हणाला, दर्याची मर्जी. धाकूच्या आईने तर गौरीच्या सणाला त्याला घरी बोलावून जेवू घातलं. तो घास त्याला गिळवला नाही. त्याच सुमारास पलीकडची मोगरी वाजायला लागली होती.

त्याची बायको केसर म्हणे, तो धाकूच आहे, भगताला आणा. गुणाजी ऐकत नव्हता. जे काही होतं त्याला काम येत होतं, आणि धाकूला मोगरी कुठल्या टोकाला धरायची हेही ठाऊक नव्हतं.

माघात तो ठोका अडखळू लागला. दमल्यासारखा उशिरा यायचा, मधेच तुटायचा. मग एका सकाळी आलाच नाही. आठ दिवस गुणाजी दोन ठोके मारी, कान लावी, आणि वात पुन्हा उपसून काढी. मचव्याचा तांडेल रोज येऊन मागे उभा राही आणि परत जाई.

नवव्या दिवशी उरणकडचा मिठाचा मचवा खाडीत शिरला. ओहोटीला तो कलला, तसा गुणाजी सवयीने त्याच्या बुडाशी गेला आणि सांध्यावरून बोट फिरवता फिरवता थबकला. वात उलटी, डावीकडे पिळलेली होती. कापसावर ठोक्यांचे वळ होते; तीन खोल, चौथा हलका. पुन्हा तीन खोल, चौथा हलका. गेले कित्येक महिने तो हेच ऐकत आला होता. त्याने एका खलाशाला विचारलं, हे काम कोणाचं. खलाशी म्हणाला, मोरा बंदरातल्या इसहाकमियांचं. बिचारा एकटाच असतो, आठ-नऊ दिवस तापाने पडलाय.

गुणाजी त्याच मचव्यातून मोऱ्याला गेला. हत्यारांची पेटी त्याने सोबत घेतली.

इसहाकच्या बायकोने, रहिमुन्निसाने, दार उघडलं आणि पेटीकडे बघतच राहिली. आत बाजेवर एक काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस पडला होता. काय सांगायचं ते वाटेत जुळवून ठेवलेलं गुणाजीला आठवेना. त्याने मोगरी काढली आणि बाजेच्या पायावर मारू लागला. इसहाकने डोळे मिटून घेतले.

"डावा हात आखडतो तुझा," तो म्हणाला. "फळीच्या शेवटाला आलास की घाई करतोस. मी तुझ्यासाठी थांबायचो."

"व्हय," गुणाजी म्हणाला.

रहिमुन्निसा दारातच खाली बसली. दीर रंगूनला गेल्यापासून हे एकटे काम करतात आणि कामावर कोणाशी तरी बोलतात, म्हणून तिने पाच दर्ग्यांना चादरी चढवल्या होत्या.

पेज पिऊन झाल्यावर गुणाजीने धाकूचं सांगितलं. आजवर त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. इसहाकने दर्याचं नाव घेतलं नाही. होडी किनाऱ्यावर किती दिवस उन्हात होती, सांधा किती रुंद दिसत होता, वात एकेरी घातली की दुहेरी, असं तो एकेक विचारत गेला.

"दुहेरी," गुणाजी म्हणाला. "घट ठोसली."

"लाकूड सुकलेलं होतं, एकेरी पुरली असती. पाण्यात फुगलं आणि त्यानं वात बाहेर ढकलली." इसहाक कोपर टेकून उठला. "चूक तुझीच, गुणाजी. माझ्या हातूनही झालीय. माझ्या होडीतले दोघे गेले."

गुणाजीने मान खाली घातली. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते. रहिमुन्निसा उठून आत गेली.

इसहाकचं एक गलबत बंदरावर अर्धवट उभं होतं. पुढचे चार दिवस गुणाजीने त्याचे सांधे भरले. घोंगडी पांघरून इसहाक शेजारी बसे आणि फळीला तळवा लावून ऐकत राही. पाचव्या दिवशी त्याने स्वतःची मोगरी मागितली आणि पलीकडच्या अंगाला जाऊन बसला. धुकं होतं. समोरची मुंबई दिसत नव्हती, पाणीही दिसत नव्हतं. दर अमावास्येच्या ओहोटीला एकदा इसहाकने काशीदला जायचं, एकदा गुणाजीने मोऱ्याला यायचं, असं त्यांचं ठरून गेलं होतं. दोघांचे ठोके एकात एक बसत गेले, आणि ऊन वर येईपर्यंत कोणी थांबलं नाही.

मग मधेच दोघांचेही हात एकदम थांबले.

गलबताच्या आतून, रिकाम्या पोटातून, ठोका येत होता. हलका आणि वेडावाकडा. थांबे, घाबरल्यासारखा, आणि पुन्हा येई.

गुणाजी उठला नाही. गलबतापलीकडून इसहाकचा आवाज आला.

"कुठला असेल?"

"काय कळत न्हाय. लांबचा वाटतो."

"हात नवा आहे," इसहाक म्हणाला. "एकटाच असणार."

आतला ठोका पुन्हा अडखळला. मग इसहाकने मोगरी उचलली आणि एकेक ठोका सुटा सुटा, सावकाश मारू लागला. गुणाजीनेही त्या तिसऱ्यासाठी आपला हात धिमा केला.